नियत वयोमान



येत्या ३१ मे रोजी मी 'नियत वयोमानानुसार मध्याह्नोत्तर सेवानिवृत्त' होईन. हे शब्द माझे नव्हेत, कार्यालयीन आदेशाचे आहेत. वर्धा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात गेली ३२ वर्षे मी मराठी आणि भाषाविज्ञान शिकवीत आलो आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून तुमच्यासारख्यांची संपर्कसत्रेही घेत आलो. त्यामुळे स्वतःविषयीचा आदेशसुद्धा मी प्रथम भाषेच्या अंगानेच वाचला. मसुद्यात 'मध्यान्होत्तर' असे लिहिलेले होते. संस्कृतातले जोडाक्षर 'ह्न' आहे. मराठी माणसाच्या तोंडी मात्र 'न्हाणे', 'न्हावी', 'कान्हा' यांतला 'न्ह' बसलेला असतो, म्हणून लिपिकाचा हात त्याच्या कानामागे गेला. मी दुरुस्ती सुचविली नाही. सकाळी प्राध्यापक असलेला माणूस दुपारनंतर प्राध्यापक राहत नाही, हा अर्थ दोन्ही लेखनांतून सारखाच पोहोचतो.

त्या आदेशामागोमाग शब्दांचे एक नवे कुटुंबच घरात शिरले आहे. सेवापुस्तक, ना-देय प्रमाणपत्र, उपदान, अंशराशीकरण. निवृत्तिवेतनाचा काही भाग आधीच एकरकमी घेणे म्हणजे अंशराशीकरण. हा शब्द ३२ वर्षांत मी एकदाही वर्गात उच्चारला नव्हता. आता तो आठवड्यातून दोनदा तरी भेटतो आणि प्रत्येक वेळी मी त्याचा विग्रह करीत बसतो. सवय दुसरे काय.

परंतु खरा विचार करायला लावला तो 'निवृत्त' या शब्दाने. 'नि' हा उपसर्ग आणि 'वृत्' हा धातू यांपासून झालेले हे धातुसाधित विशेषण. 'वृत्' म्हणजे वळणे, फिरणे, असणे, वागणे. वळण्याचा अर्थ असलेला लॅटिनमधील 'वर्तेरे' हा धातू याच कुळातला. मराठीत या धातूचा गोतावळा केवढा मोठा आहे, ते तुम्ही अभ्यासक्रमात पाहिलेच आहे. कवितेतले वृत्त, बातमीचे वृत्त, वर्तुळ, वर्तन, परिवर्तन, प्रवृत्ती आणि व्याकरणातला वर्तमानकाळ, ही सारी त्याचीच लेकरे. म्हणजे 'वर्तमान' आणि 'निवृत्त' हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. 'निवृत्त'चा मूळ अर्थ परत फिरलेला असा आहे. थांबणे, सोडून देणे हे अर्थ त्यातून पुढे आले. अन्य भाषांनी या प्रसंगाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहिले. स्पॅनिश भाषेतील 'हुबिलासिओन' या शब्दात आनंदाचा जयघोष आहे. अरबी 'तकाउद' या शब्दात बसण्याची क्रिया आहे आणि जर्मन शब्दाचा शब्दशः अर्थ विश्रांतीची अवस्था असा होतो. आपल्या शब्दात ना आनंद, ना बसणे, ना विश्रांती. आपला माणूस परत फिरतो. कुठे परत फिरायचे, हे मात्र शब्द सांगत नाही.

धर्मशास्त्रातल्या वानप्रस्थाला तारीख नव्हती. मनुस्मृतीने सांगितलेल्या खुणा अंगावरच्या आणि घरातल्या आहेत: सुरकुत्या, पिकलेले केस, अपत्याचे अपत्य दृष्टीस पडणे. तारखेने येणारी निवृत्ती ही राज्यसंस्थेची आणि वेतनपत्रकाची निर्मिती होय. १८८९ साली बिस्मार्कच्या जर्मनीत कामगारांच्या वार्धक्यवेतनाचा कायदा झाला, तेव्हा वयाची अट ७० वर्षांची होती; म्हणजे त्या काळच्या बहुतेक कामगारांना ते वेतन दिसण्यापूर्वीच मृत्यू दिसत असणार. आजही या शब्दाचा पल्ला फार लांब जात नाही. हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या आपल्या तालुक्यांत कापूस आणि तूर पिकविणारा शेतकरी कोणत्या ३१ तारखेला निवृत्त होतो? माझी आई पंचाहत्तरी उलटेपर्यंत घर आणि वावर दोन्ही सांभाळीत होती. 'आई निवृत्त झाली' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण आमच्या घरात ते कधी कोणी उच्चारले नाही, कारण त्याला प्रसंगच आला नाही. नोकरदारांतही आता सारखेपणा उरलेला नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून आपल्या राज्यात नव्याने सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. माझ्याच विभागातले तरुण सहकारी ज्या हिशेबाने म्हातारपणाकडे पाहतात, तो माझ्या हिशेबापेक्षा फार कठीण आहे. तेव्हा पुढे मी जे बोलणार आहे, ते एका सुरक्षित माणसाचे बोलणे आहे, हे तुम्ही ध्यानात ठेवावे.

सुरक्षित माणसालाही भीती वाटते. माझी भीती पैशाची नाही आणि वेळ कसा जाईल याचीही नाही. घरात न वाचलेली पुस्तके पुष्कळ आहेत. माझी भीती क्रियापदाची आहे. आजवर मी 'शिकवतो' असे म्हणत आलो. १ जूनपासून 'शिकवीत असे' म्हणावे लागेल. मराठीत भूतकाळाचे जे प्रकार आहेत त्यांतला हा रीतिभूतकाळ मला नेहमीच सर्वांत करुण वाटत आला आहे. 'मी शिकविले' या वाक्यात एक काम पूर्ण झाल्याचे समाधान तरी आहे. 'शिकवीत असे' म्हणताना कामाची पूर्तता नसते, केवळ सवय मोडलेली असते. आणि शिकविण्याला समोर कोणीतरी लागते. भाषाव्यवहाराची पहिली आकृती फळ्यावर काढताना आपण वक्ता, संदेश आणि श्रोता असे तीन घटक मांडतो. वर्गातल्या माणसाला श्रोता आयता मिळतो. घंटा झाली की साठ जण समोर बसतात आणि त्यांतले निदान वीस जण ऐकतात. इतकी वर्षे हे घडत राहिले की आपल्या बोलण्यात मुळातच ऐकण्याजोगे काही आहे असे वाटू लागते. वेळापत्रकातून नाव गेल्यावर ते कितपत खरे होते, हे कळणार आहे.

वर्ध्यात राहणाऱ्या माणसाला परत फिरण्याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. १९३४ मध्ये गांधीजींनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले आणि १९३६ मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, ते वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. टपालात विदर्भातल्या दुसऱ्या शेगावशी घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव बदलून सेवाग्राम झाले. गंमत पाहा: आपल्या जिल्ह्यात 'सेवा' हा शब्द नोकरीच्या वयाला ओलांडून गेलेल्या एका माणसामुळे गावाचे नाव झाला आणि कार्यालयांत तोच शब्द ६० वर्षांशी संपतो. अर्थात गांधीजींचे उदाहरण आपल्याला फारसे उपयोगाचे नाही. त्यांनी पद सोडले तरी श्रोता त्यांना सोडून गेला नाही; देश त्यांच्यामागोमाग त्या खेड्यात आला. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि मातृभाषेतून, हस्तव्यवसायाच्या आधाराने शिक्षण द्यावे हा विचार तिथून देशापुढे गेला. याला कोणी निवृत्ती म्हणणार नाही.

विनोबांचे उदाहरण अधिक अवघड आहे आणि म्हणून मला अधिक जवळचे वाटते. त्यात त्यांचे भाषाप्रेम हेही एक कारण आहे. १९४२ नंतरच्या तुरुंगवासात दक्षिणेच्या चारही भाषा शिकणारा हा माणूस भाषेच्या प्राध्यापकाला आपला वाटला तर नवल नाही. १९५१ मध्ये ते पवनारहून पायी निघाले, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी. त्यानंतर तेलंगणात, १८ एप्रिलला पोचमपल्लीत, भूदानाला आरंभ झाला. तेव्हा त्यांचे वय ५५ होते. या वयात आपण सेवेची उरलेली वर्षे मोजू लागतो. त्यांनी चालायला सुरुवात केली आणि सुमारे तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले. पुढे १९६६ मध्ये त्यांनी सूक्ष्मप्रवेश जाहीर केला, म्हणजे बाहेरच्या कर्मातून स्वतःला काढून घेतले, आणि १९७० मध्ये, पंचाहत्तरीत, क्षेत्रसंन्यास घेऊन धाम नदीच्या काठी पवनारला ते कायमचे राहिले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. जितकी वर्षे चालणे, जवळजवळ तितकीच वर्षे एका जागी राहणे.

हे राहणे निर्विघ्न होते असे मात्र समजू नका. १९७४च्या डिसेंबरात त्यांनी वर्षभराचे मौन घेतले आणि त्या मौनाच्या काळातच आणीबाणी आली. 'अनुशासनपर्व' हा त्यांचा एक शब्द बाहेर पडला आणि सत्तेने तो उचलून धरला. शासन राज्यकर्त्यांचे असते आणि अनुशासन आचार्यांचे, असा आपला आशय त्यांनी पुढे स्पष्ट केला. परंतु तोवर शब्द त्यांच्या हातचा गेला होता. शब्दाचा अर्थ वक्त्याइतकाच श्रोता ठरवितो, हे अर्थविचाराच्या घटकात आपण शिकतो. त्याचे याहून महाग पडलेले उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे १९७९ मध्ये गोवधबंदीसाठी त्यांनी उपोषणही केले. बाहेरचे जग त्यांनी सोडले होते. जगाने त्यांना पुरते सोडले नव्हते आणि त्यांनीही जगाला पुरते सोडले होते का, असा प्रश्न मनात येतो. माझ्या मते नाही. आणि हे जाणवल्यावर विनोबांविषयीचा माझा आदर कमी न होता उलट वाढतो, कारण परत फिरणे ही एका दुपारी आटोपणारी क्रिया नाही, हे त्यांच्या अखेरच्या बारा वर्षांत दिसते.

माझ्या शास्त्रातले उदाहरण वेगळे आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांचे नाव तुम्हाला बोलींच्या अभ्यासामुळे परिचित आहे. १८९८ मध्ये भारताच्या भाषिक सर्वेक्षणाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि १९०३ मध्ये ते भारतीय सनदी सेवेतून निवृत्त झाले. सर्वेक्षणाचे खंड छापून होऊ लागले तेही १९०३ मध्येच, आणि ते काम संपले १९२८ मध्ये. म्हणजे १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद करणारे हे प्रचंड काम बहुतांशी एका सेवानिवृत्त माणसाने इंग्लंडमधल्या आपल्या घरी बसून तडीस नेले. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. तो स्टेन कोनो यांनी सिद्ध केला आणि त्यात आपल्याकडच्या वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींचे नमुने आहेत. सर्व भाषांची तुलना करता यावी म्हणून प्रत्येक ठिकाणी एकच कथा त्या त्या बोलीत उतरवून घेतली गेली. ती कथा बायबलमधली: वाट्याची संपत्ती घेऊन घर सोडणारा, सारे गमावणारा आणि शेवटी बापाकडे परत फिरणारा मुलगा. देशाच्या मोठ्या भागाच्या तोंडून, पुढे निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याने परत फिरण्याचीच गोष्ट वदवून घेतली. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. तरी मी तो वर्गात दरवर्षी सांगत असे. पाहा, रीतिभूतकाळ आलाच.

आता माझ्या स्वतःच्या कपाटाविषयी. १९९१ आणि १९९२ मध्ये पीएच.डी.च्या संशोधनासाठी मी जिल्ह्यातल्या खेड्यांत फिरलो. आर्वी आणि आष्टीकडे, वर्धा नदीच्या काठाने, एक टेपरेकॉर्डर आणि बॅटऱ्यांची पिशवी घेऊन. त्या फिरण्यातून ४६ कॅसेटी जमल्या. प्रबंधाला लागले तेवढे त्यांतून मी उतरवून घेतले आणि उरलेले पुढे सावकाश करू म्हणून ठेवले. त्या वेळी मी पंचविशीत होतो आणि माझे सारे काम ऐकण्याचे होते. नंतर नोकरी लागली आणि बोलण्याचे काम सुरू झाले. ज्यांचे आवाज त्या फितींवर आहेत त्यांतले बहुतेक जण आज नाहीत. फितीही मानवी देहासारख्याच झिजतात. काही ठिकाणी आवाजापेक्षा खरखर अधिक झाली आहे.

या कॅसेटींविषयी मी एका संपर्कसत्रात बोलीच्या घटकाच्या ओघात बोललो होतो. सत्र संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबले. विद्यार्थी म्हणतो, पण ते माझ्याच वयाचे आहेत, एस.टी.त कंडक्टर होते, माझ्याआधी दोन वर्षे निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी बी.ए.ला नाव घातले. त्यांनी विचारले, "सर, मंग त्या कॅसेटींचं काय करून राह्यले तुमी?"

हा प्रयोग तुम्ही लक्षपूर्वक पाहावा. प्रमाण मराठीत आपण 'करतो आहे', 'करत आहात' असे म्हणतो. आपल्या विदर्भात 'करून राहिलो', 'जेवून राहिला', 'येऊन राहिली'. हिंदीच्या 'कर रहा हूँ' या रचनेशी त्याचे साम्य उघड आहे. पुण्याकडचे लोक तो ऐकून हसतात; आपल्याकडची शिकलेली मुले तो लपवितात. मी त्यावर अनेक तास व्याख्याने दिली आहेत. चालू असलेली क्रिया दाखविण्यासाठी 'राहणे' हे क्रियापद सहायक म्हणून येते, इथपर्यंत मी नेहमी सांगत आलो. परंतु त्या रविवारी तो प्रश्न मलाच विचारला गेला आणि त्यातले 'राहणे' सहायक आहे असे मला वाटेना. मी म्हणालो, अजून काही ठरविलेले नाही. ते म्हणाले, "मंग आयकू त द्या."

पुढच्या रविवारी सत्रानंतर आम्ही पहिली कॅसेट लावली. पऱ्हाटीच्या वेचणीविषयी एक म्हातारी बाई बोलत होती. कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही कसे करतात ते सांगत होती. कंडक्टर डोळे मिटून ऐकत होते. या माणसाने तीस वर्षे बसमध्ये केवळ ऐकण्याचेच काम केले आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. ते सांगू लागले की तिकीट मागताना 'आर्वीले' म्हणणारी बाई आणि 'आर्वीला' म्हणणारी तिची सून यांचे वय त्यांना न पाहता सांगता येई. आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत 'आर्वीले' ऐकूच येईनासे झाले, म्हाताऱ्याही 'आर्वीला' म्हणू लागल्या. चतुर्थीचा 'ले' प्रत्यय मागे हटण्याची ही नोंद कोणत्याही प्रबंधात शोभली असती. मी ती लिहून घेतली. मग फीत पुढे सरकली. मधूनमधून माझा त्या काळचा आवाज येत होता, एखादा लहानसा प्रश्न विचारण्यापुरता. कंडक्टर हसले आणि म्हणाले, "सर, तवा तुमी लय कमी बोलत होते."

आमचे असे ठरले आहे: दर रविवारी सत्रानंतर एक तास. मी ऐकतो आणि लिहितो, ते ऐकतात आणि मला थांबवितात. महाविद्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याने सर्व फिती संगणकावर उतरवून देण्याचे मान्य केले आहे, म्हणजे खरखर थोडी कमी करता येईल आणि मूळ फितींना पुनःपुन्हा हात लावावा लागणार नाही. आजवर ४६ पैकी तीन पूर्ण झाल्या. या गतीने हिशेब केला तर माझी सत्तरी जवळ येईल. कंडक्टरांची पदवी त्याच्या फार आधी हातात पडेल आणि तरीही आपण येत राहू असे त्यांनी आपण होऊन सांगितले आहे. पुस्तक होईल की नाही, झाले तर त्यावर कोणाचे नाव असेल, हे आम्ही बोललेलो नाही.

तिसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला मात्र आमचे काम अडले आहे. तीच बाई सांगते की वेचताना कापूस ठेवण्यासाठी कमरेला फडके बांधीत, आणि त्या फडक्याला ती एक शब्द वापरते. नेमका त्या क्षणी बाहेरून बैलगाडी गेली असावी. शब्दाचा पहिला अर्धा भाग चाकांच्या आवाजात गेला आहे. 'ओटी' नाही, 'ओचा'ही नाही. आम्ही दहा-बारा वेळा ऐकले. तुमच्यापैकी अनेक जण वावरातून येऊन या पुस्तिका वाचता, अनेकींनी स्वतः कापूस वेचला आहे, आणि कोणाच्या घरी आजी किंवा सासूबाई असतील. तुमच्याकडे त्या फडक्याला काय म्हणतात, ते विचारून ठेवा आणि पुढच्या संपर्कसत्राला येताना, ज्यांनी सांगितले त्यांचे गाव आणि वय यांसह, लिहून आणा.